पानिपतचे पाणी: एकाच पट्ट्यातल्या चार तुलना



पानिपतवर बोलायला बसलो की आपण कुठे पोचतो हे ठरलेलं असतं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, विश्वासरावांना लागलेली गोळी, भाऊसाहेबांचं शेवटपर्यंत लढणं, आणि मग "असं झालं असतं तर" याची न संपणारी यादी. या मालिकेत आपण ते सगळं बोललो. रसदेवरही एक पूर्ण भाग केला. पण रसद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धान्य येतं, वैरण येते, गोविंदपंत बुंदेल्यांकडून यायचा तो पैसा येतो. पाणी येत नाही. पाणी काय, असतंच, असं आपण धरून चालतो.

आज मी पाण्यावर बोलणार आहे. काला अंबच्या आसपासचा हा जो पट्टा आहे, म्हणजे यमुना, पानिपत, कर्नाल आणि त्यांच्यामधून जाणारा कालवा, तिथे गेली काही शतकं माणसं एकच प्रश्न वेगवेगळ्या कारणांनी विचारत आली आहेत: इथलं पाणी चांगलं की तिथलं? १७६० साली तो सेनापतींचा प्रश्न होता. १८४५ साली तीन इंग्रज अधिकाऱ्यांचा होता. आज तो हरियाणातल्या जिल्ह्याजिल्ह्यांचा आहे, आणि तुमच्या-माझ्या महाराष्ट्राचाही आहे. या चारही तुलना आपण एकेक करून पाहू. तुलना कशाची केली आणि कशाची राहून गेली, याकडे लक्ष ठेवा. आजचा सगळा विषय तिथेच आहे.

पहिली तुलना: दोन छावण्या

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी यमुना. तिच्या पश्चिमेला दिल्लीहून कर्नालकडे जाणारा जुना बादशाही रस्ता. त्या रस्त्यावर पानिपत. हे गाव नदीच्या जुन्या उंच काठावर वसलेलं आहे, पण नदी कधीच पूर्वेला सरकली. म्हणजे नावात पाणी, आणि नदी मात्र काही कोस लांब. परंपरा सांगते की पांडवांनी मागितलेल्या पाच गावांपैकी हे एक. सोनिपत, बागपत ही नावंही त्याच यादीत येतात.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. कुंजपुरा यमुनेच्या काठावर आहे. तिथून भाऊसाहेब कुरुक्षेत्राच्या तीर्थाकडे वळले होते, तेवढ्यात बातमी आली की अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पावसाळाभर ज्या नदीने दोन फौजांना वेगळं ठेवलं होतं, तीच आता मधून बाजूला झाली. मराठे मागे फिरून पानिपतला आले, गावाला धरून छावणी केली, भोवती खंदक खणला. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत, अडीच महिने, तिथेच राहिले.

अब्दालीची छावणी दक्षिणेला, दिल्लीच्या वाटेवर. त्याने यमुना हाताशी ठेवली होती. नदीपलीकडे दुआब, म्हणजे नजीबखानाचा मुलूख. धान्य तिकडून येत होतं आणि पाणी नदीचं होतं. वाहतं पाणी.

मराठ्यांकडे काय होतं? पानिपत गावच्या विहिरी, तळी आणि आसपासचे ओढे. आता आपण एक साधा हिशोब करू. हा माझा अंदाज आहे, कुठल्या कागदातला आकडा नाही, पण आकडे मुद्दाम कमीच धरले आहेत. लढणारे आणि बिनलढाऊ मिळून माणसं एक लाख धरू. माणशी पिण्याला आणि रांधायला चार लीटर. झाले चार लाख लीटर. घोडी पन्नास हजार धरू. थंडीच्या दिवसांतही घोड्याला दिवसाला तीसेक लीटर पाणी लागतं. झाले पंधरा लाख. बैल, उंट, हत्ती यांचे फक्त एक लाख धरा. एकूण वीस लाख लीटर, रोज.

आता हे पाणी विहिरीतून वर काढायचं आहे. एका मोटेत शंभर लीटर धरा. वीस हजार मोटा झाल्या. एक मोट वर यायला आणि रिकामी व्हायला दोन मिनिटं लागतात असं समजा, आणि दहा तास बैल न थांबता चालले असं समजा. एका विहिरीवर तीनशे मोटा. म्हणजे सदुसष्ट विहिरी दिवसभर, रोज, अडीच महिने चालायला हव्यात, आणि त्या आटायला नकोत. मोट ओढणाऱ्या बैलांना वैरण हवी, आणि वैरण तर छावणीत संपत चालली होती.

हे झालं किती पाण्याचं. आता कसल्या पाण्याचं ते बघा. लाखभर माणसं आणि त्याहून मोठी जनावरांची संख्या एका खंदकाच्या आत. डिसेंबरमध्ये अब्दालीच्या फिरत्या तुकड्यांनी बाहेर पडणं अवघड केलं, तेव्हा मेलेली जनावरं आतच पडून राहिली. छावणीतल्या दुर्गंधीचं वर्णन तेव्हाच्या वृत्तांतांत येतं. ही घाण जिरते कुठे? जमिनीत. आणि विहिरीत पाणी येतं कुठून? त्याच जमिनीतून. पानिपतची जमीन नदीने आणलेल्या गाळाची आहे, वाळू आणि माती. आपल्या सह्याद्रीतला कातळ नव्हे. अशा जमिनीत वरचं खाली जायला फार दिवस लागत नाहीत.

तेव्हा दोन छावण्यांची तुलना केली तर एकीकडे वाहती नदी, आणि दुसरीकडे रोज थोडी जास्त बिघडत जाणारी उथळ विहीर. मी असं म्हणत नाही की पानिपतचा पराभव पाण्याने झाला. उपासमार होती, पैशाचा तुटवडा होता, रणावरच्या चुका होत्या. पण १४ जानेवारीच्या सकाळी बाहेर पडलेली माणसं आणि घोडी अडीच महिने काय पीत होती, हे विचारात घेतल्याशिवाय त्यांच्या अंगातल्या बळाचा हिशोब पुरा होत नाही. मराठी सैन्य मोठा गोल करून निघालं, त्याचा रोख यमुनेकडे होता असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. ते मत धरलं तर दिल्लीचा रस्ता आणि नदीचं पाणी या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथ १९६१ साली मराठीत आला. भूगोल बाजूला ठेवून लढाई समजत नाही, हा धडा त्यांच्या पिढीने आपल्याला दिला. त्या भूगोलात पाण्याचाही एक नकाशा मांडावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मध्ये एक कालवा

दुसऱ्या तुलनेकडे जाण्यापूर्वी मागे जाऊ, चौदाव्या शतकात. फिरोजशाह तुघलकाने हिसार वसवलं तेव्हा ती जागा इतकी कोरडी होती की इराक-खुरासानहून येणाऱ्या प्रवाशांना उन्हाळ्यात एका घागरीला चार जितल मोजावे लागत, असं शम्स सिराज अफीफ लिहितो. जितल म्हणजे तेव्हाचं नाणं. म्हणजे आज आपण ज्याला बाटलीबंद पाणी म्हणतो, त्याचा धंदा हरियाणात साडेसहाशे वर्षांपूर्वी चालू होता!

फिरोजशाहने यमुनेचं पाणी कालव्याने पश्चिमेकडे नेलं. अकबराच्या काळात तो कालवा दुरुस्त झाला. शाहजहानच्या काळात अली मर्दानखानाच्या नावाने ओळखला जाणारा फाटा दिल्लीपर्यंत गेला आणि लाल किल्ल्यात, चांदणी चौकात पाणी खेळलं. कालवा म्हणजे मोठा खर्च. दरवर्षी गाळ काढायला माणसं हवीत, काठ राखायला चौक्या हव्यात. अठराव्या शतकात दिल्लीची सत्ता ढासळली आणि कालवाही गाळाने भरत गेला. भाऊसाहेबांच्या काळात ज्या प्रदेशात ही लढाई झाली, त्या प्रदेशाची पाण्याची जुनी व्यवस्था मोडकळीला आली होती. राज्य मोडतं तेव्हा पाणीही मोडतं, ते असं.

दुसरी तुलना: बेकर, डेम्पस्टर आणि यूल

१८०३ साली दिल्लीचा ताबा मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेला. १८२०च्या सुमारास इंग्रजांनी दिल्ली फाटा पुन्हा वाहता केला, आणि त्यानंतर काही वर्षांतच हांसी-हिसारकडचा. मोठा उत्सव झाला असेल. जुन्याच वाटेने पाणी सोडलं. आणि ती जुनी वाट सखल जमिनीतून जात होती. नैसर्गिक ओढ्यांना कालव्याचे काठ आडवे आले. पावसाचं पाणी साचू लागलं. विहिरींची पातळी वर आली, इतकी वर की काही गावांत जमिनीखाली काही फुटांवरच पाणी.

आणि मग ताप सुरू झाला. कर्नालला इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. हिवतापाने ती इतकी पोखरली की १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ती छावणीच सोडून दिली आणि अंबाल्याला नेली. बघा, पानिपतपासून एका मजलेवर, ऐंशी वर्षांनी, आणखी एक फौज हरली. समोर शत्रू नव्हता. पाणी होतं.

आता सरकारपुढे प्रश्न आला. पलीकडे दुआबात प्रोबी कॉटली गंगेचा प्रचंड कालवा काढायला निघाला होता. तोही असाच रोग पसरवणार का? हे तपासायला १८४५ साली एक समिती नेमली. कालव्यांचे अधिकारी बेकर, डॉक्टर डेम्पस्टर आणि तरुण इंजिनियर हेन्री यूल. हा यूल म्हणजे पुढे 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा प्रसिद्ध कोश करणारा तोच.

या तिघांनी केलं काय, ते नीट ऐका, कारण आज जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणारे लोक जे करतात त्याची ही पणजी आहे. ते गावोगाव फिरले. प्रत्येक गावात विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं. आणि डेम्पस्टरने गावातल्या लोकांची पोटं दाबून पाहिली. हिवताप पुन्हा पुन्हा झाला की प्लीहा, म्हणजे जुन्या बायका जिला पानथरी म्हणत ती, वाढते. डाव्या बरगडीखाली हाताला लागते. शंभरांत कितींची वाढली, हा आकडा त्याने गावागणिक लिहिला. जगात प्लीहेवरून हिवतापाचं प्रमाण मोजण्याची ही पद्धत इथून सुरू झाली, या पट्ट्यातल्या गावांत.

मग त्यांनी आकडे शेजारी शेजारी ठेवले. कालव्यापासूनचं अंतर, पाण्याची खोली, जमीन वाळूची की चिकणमातीची, पाणी निघून जायला वाट आहे की नाही, आणि आजारी किती. पश्चिमेच्या कालव्यावरची गावं, पूर्वेच्या यमुना कालव्यावरची गावं आणि कालवा नसलेली गावं. निष्कर्ष असा आला की सगळा दोष कालव्याच्या माथी मारता येत नाही. जिथे जमीन घट्ट आहे, पाणी वर आलंय आणि निचऱ्याला वाट नाही, तिथे रोग. जिथे निचरा चांगला, तिथे कालवा असूनही माणसं बरी.

एक गंमत सांगतो. हिवतापाचं खरं कारण या तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दलदलीतून दूषित हवा उठते आणि तिने ताप येतो, अशी तेव्हाची समजूत. लाव्हेरानला रक्तातला जंतू दिसायला १८८० उजाडलं आणि डासाचा हात रॉसने १८९७ मध्ये दाखवला. कारण चुकीचं धरूनही या समितीचा उपाय बरोबर निघाला: पाण्याला वाट द्या. नीट केलेल्या तुलनेची ही ताकद आहे. लंडनमध्ये जॉन स्नोने कॉलरा आणि पिण्याचं पाणी यांचा संबंध घराघरांची तुलना करून दाखवला, ती गोष्ट १८५४ची. कर्नालची मोजणी त्याच्या नऊ वर्षं आधीची आहे. स्नोचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. कर्नालच्या गावांचं नाही.

समितीचा अहवाल १८४७ साली आला. गंगेच्या कालव्याला मंजुरी मिळाली, १८५४ मध्ये तो सुरूही झाला. आणि ज्या गावांची पोटं दाबून हे ज्ञान मिळालं, त्यांचं काय झालं? १८७०च्या दशकात डेन्झिल इबेट्सन पानिपत तहसिलीची जमीनमोजणी करायला आला, तेव्हाही साचलेलं पाणी, 'रेह' म्हणजे जमिनीवर फुटलेला पांढरा खार, आणि तापाने खंगलेली माणसं त्याला दिसली. कालव्याची वाट बदलण्याचं आणि निचऱ्याचं काम त्यानंतर मार्गी लागलं. अहवाल आणि कुदळ यांच्यामध्ये एक पिढी गेली.

मला या सगळ्या इतिहासातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. मोजलं कुणाला, आणि फायदा कुणाला. आज कुणी तुमच्या गावातून पाण्याचा नमुना बाटलीत भरून नेला, तर हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

तिसरी तुलना: आजचा हरियाणा

आता आजच्या हरियाणात येऊ. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हे राज्य झालं. पानिपत जिल्हा १९८९ मध्ये कर्नालमधून वेगळा निघाला, १९९१ मध्ये पुन्हा कर्नालला जोडला आणि १ जानेवारी १९९२ पासून कायमचा वेगळा झाला. ही प्रशासनाची रेघ. जमिनीखालच्या पाण्याला ती माहीत नाही.

जमिनीखालचं पाणी पाहिलं तर हरियाणाचे ढोबळ तीन-चार तुकडे पडतात. यमुनेच्या काठाकाठाने यमुनानगर, कर्नाल, पानिपत: नदीच्या गाळातलं गोडं पाणी. मध्ये रोहतक, झज्जर: बशीसारखा सखल भाग, पाणी उथळ पण पुष्कळ ठिकाणी खारं. पश्चिमेला हिसार, भिवानी, सिरसा: खारेपणा, फ्लोराइड, नायट्रेट. दक्षिणेला महेंद्रगड: पाणी फार खोल. आणि नूह, म्हणजे मेवात: जमिनीखाली इतकं खारं की पिण्याचं पाणी यमुनेच्या काठच्या विहिरींतून नळाने आणावं लागतं.

या यादीत पानिपतचा नंबर वरचा लागेल. पाणी गोडं, नदी जवळ. पण इथेच सावध व्हायला हवं. गोडं आहे म्हणजे किती दिवस? हरियाणा राज्य दरवर्षी जमिनीत मुरतं त्याच्या १३० टक्क्यांहून जास्त पाणी उपसतं. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल हा भाताचा पट्टा त्यात पुढे. १८४५ साली ज्या प्रदेशात पाणी काही फुटांवर आलं म्हणून माणसं मरत होती, त्याच प्रदेशात आज ते पुष्कळ ठिकाणी वीस मीटरच्या पलीकडे गेलं आहे. पावणेदोनशे वर्षांत पाणी वर येण्याचं संकट खाली जाण्याच्या संकटात बदललं.

दुसरं, पानिपत हे कापडाचं गाव आहे. घोंगड्या, चादरी, सतरंज्या, आणि जगभरातून आलेल्या जुन्या कपड्यांपासून पुन्हा धागा काढण्याचा मोठा उद्योग. हजारो घरं त्यावर जगतात. रंगवायला पाणी लागतं, आणि रंगवून झालेलं पाणी नाल्यातून यमुनेला मिळतं. यमुनेत अमोनिया वाढला की दिल्लीतला वजिराबादचा शुद्धीकरण प्रकल्प मंदावतो किंवा बंद ठेवावा लागतो, आणि मग दिल्ली आणि हरियाणा यांच्यात वाद पेटतो. या वादात पानिपतच्या नाल्यांचं नाव हटकून येतं. म्हणजे पानिपतच्या पाण्याची प्रत पानिपतमध्ये कळत नाही, ती दिल्लीच्या नळाला कळते. १७६० साली दक्षिणेची वाट अडली म्हणून मराठे गुदमरले. आज दक्षिणेच्या वाटेने जे वाहतं त्याने दिल्ली खोकते.

आता प्रमाणं समजून घेऊ, म्हणजे कुठलाही तक्ता तुम्हाला वाचता येईल. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात विरघळलेले क्षार लीटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. फ्लोराइड १ पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५, आणि यात सवलत नाही. या "दुसरा स्रोत नसेल तर" शब्दांवर बोट ठेवा. मानकाच्या आतच दोन भारत आहेत. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याच्यासाठी एक मर्यादा, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी दुसरी.

आणि जिल्हा सरासरीचं काय? समजा एका जिल्ह्यात दहा गावं. नऊ गावांत फ्लोराइड ०.५, दहाव्यात ५. सरासरी येते ०.९५. जिल्हा पास! दहाव्या गावातल्या मुलांचे दात मात्र पिवळे पडतात आणि पुढे हाडं वाकतात. बेकर, डेम्पस्टर आणि यूल यांनी पहिल्याच फटक्यात जिल्ह्याचा आकडा काढला नाही, गावाचा काढला. त्यांचं शहाणपण आपण विसरता कामा नये.

चौथी तुलना: आपलं घर

काला अंबला दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात. हरियाणातला रोड मराठा समाज, जो स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो, तोही त्या दिवशी तिथे जमतो. मीही गेलो आहे. स्तंभापुढे उभं राहिलं की छाती भरून येते. पण परतताना मनात येतं की ज्या पाण्यावर ती लाख माणसं जगायला धडपडली, त्या पाण्याची चौकशी आपण आपल्या गावात तरी करतो का?

महाराष्ट्राचा नकाशा काढा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा गेला आहे. नऊशेच्या आसपास गावं. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही तालुक्यांत फ्लोराइड. आणि नायट्रेट जवळजवळ सगळीकडे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या सुमारे १५ हजार ठिकाणांच्या नमुन्यांपैकी साधारण २० टक्के नमुने नायट्रेटची मर्यादा ओलांडणारे निघाले. अशा जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती, २०२३ मध्ये ४४० झाली. महाराष्ट्र यात मागे नाही, पुढच्या राज्यांत आहे. नायट्रेट येतं कुठून? खतातून, शेणातून, मैल्यातून. म्हणजे पानिपतच्या छावणीत जे घडलं असणार, तेच सावकाश, पिढीभर, आपल्या शिवारात घडतंय.

एक व्यावहारिक गोष्ट, कारण पुष्कळ घरांत गैरसमज असतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मरत नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं. तुरटीने गाळ बसतो, खारेपणा जात नाही. तान्ह्या बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून देत असाल, तर नायट्रेटची तपासणी आधी करून घ्या. बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने कमी होते.

आपल्याकडे व्यवस्था नाही असंही नाही. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकापासून विहिरी मोजते आहे. पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. ओळीने पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, तेव्हापासून गावागावात पाच महिलांना तपासणी संचाने पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. हरियाणाने तर २०२२ मध्ये प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोचल्याचं जाहीर केलं. पण नळ पोचला हा एक आकडा, आणि नळातून काय आलं हा दुसरा. पहिल्याचा फलक लागतो. दुसरा कागदावर राहतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना कुठे वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. नमुना विहिरीतून घेतला की नळातून? उन्हाळ्यात घेतला की पावसाळ्यानंतर? आकडा सरासरीचा आहे की सर्वात वाईट गावाचा? आणि हे मोजल्यावर पुढे काय केलं? शेवटचा प्रश्न कर्नालच्या गावांनी विचारला असता, तर कदाचित त्यांना एक पिढी थांबावं लागलं नसतं.

उत्तर मिळवायला दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तुमच्या गावच्या स्रोताचा तपासणी अहवाल असायला हवा. ग्रामसभेत तो वाचून दाखवा म्हणा. कार्डाचा रंग विचारा. लाल असेल तर का, हे विचारा. पुढच्या भागात आपण पानिपतनंतर उत्तरेत राहून गेलेल्या माणसांबद्दल बोलणार आहोत. तोवर हे एक काम करा, आणि तुमच्या जिल्ह्यात काय दिसलं ते आपसात बोला.